बत्ती न मालवता पाहायचा मिस्टर बीन

आमच्या शाळेत मिस्टर बीनचं, त्या ब्रिटिश विनोदी टीव्ही मालिकेतल्या माणसाचं, नाव दोन बोटांचं आहे. दोन्ही तर्जन्या भुवयांवर ठेवायच्या, भुवया वर उचलायच्या आणि कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवायची. कर्णबधिर मुलांत प्रत्येकाला असं खुणेचं नाव असतं. चेहऱ्यावरून, सवयीवरून, एखाद्या प्रसंगावरून ते पडतं आणि मुलंच ते ठेवतात, बाईंनी ठेवलेलं टिकत नाही. माझं नाव ‘चष्मा कपाळावर’ असं आहे, कारण फळ्यावर लिहिताना मी चष्मा वर सरकवते. मिस्टर बीनला त्याचं नाव मिळालं ती तारीख माझ्या पक्की लक्षात आहे. २६ जुलै २००५.

मध्य मुंबईतल्या कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत मी एकोणतीस वर्षं शिकवलं. आज लिहितेय ते दोन गोष्टींबद्दल. ‘द बेस्ट बिट्स ऑफ मिस्टर बीन’ हे निवडक प्रसंगांचं संकलन आमच्या शाळेच्या कपाटात व्हीसीडीवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या जुन्या तबकडीवर, होतं. आणि मिस्टर बीनच्या सगळ्या भागांचा डीव्हीडी संच पुढं माझ्या भाच्यानं लंडनहून आणून दिला. गेल्या पावसाळ्यात दोन्ही मी पुन्हा पाहिलं, आधी नेहमीसारखं आणि मग टीव्हीचा आवाज शून्यावर नेऊन. घरात ऐकू न येणारं मूल आहे किंवा आजोबांचे कान गेलेत, सगळ्यांनी एकत्र बसून हसावं असं काय घ्यावं, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. मिस्टर बीन घ्या, पण पूर्ण भागांचा संच घ्या. निवडक तुकड्यांचं संकलन घेऊ नका.

आमच्या घरी विनोद कानानं यायचा. रात्रीची जेवणं झाली की बाबा पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या कॅसेट लावायचे. कुठल्या वाक्याआधी पु. ल. किती थांबतात आणि लोक कुठं फुटतात, हे आम्हा भावंडांना तोंडपाठ होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी पाचवीच्या वर्गात त्यातला एक किस्सा सांगायला घेतला. ओठ ठळक हलवले, हातवारे केले, फळ्यावर चित्रं काढली. मुलं माझ्या तोंडाकडे बघत राहिली, शहाण्यासारखी, शांत. आपल्या विनोदातला केवढा भाग हेलात, बोलीत, शब्दावरच्या कोटीत असतो ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या घरातली सगळ्यात आवडती वस्तू मला माझ्या मुलांपर्यंत नेता येत नव्हती. याचं मला फार वाईट वाटायचं.

त्यामुळं मिस्टर बीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसले कमी आणि हिशेबच जास्त केला. यात बोलणं किती आहे? जवळपास नाहीच. कळायला काय लागतं? एक बसस्टॉप, एक परीक्षेचा हॉल, एक सुटकेस. हे तर सगळं माझ्या मुलांना माहीत आहे.

मिस्टर बीन साकारणारा रोवन ॲटकिन्सन हा मुळात विजेचा इंजिनिअर. न्यूकॅसलला पदवी आणि ऑक्सफर्डला पुढचं शिक्षण घेतलेला. त्याला तोतरेपणाचा त्रास होता हे त्यानं स्वतः सांगितलेलं आहे, आणि वाचा शिकवणाऱ्या बाईला ही गोष्ट विसरता येत नाही. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो १९८७ चा प्रसंग. मिस्टर बीन टीव्हीवर यायच्या आधी कॅनडात मॉन्ट्रियलच्या विनोद महोत्सवात ॲटकिन्सननं हे पात्र रंगमंचावर करून पाहिलं, आणि ते इंग्रजी प्रेक्षकांपुढं नाही, तर हट्टानं फ्रेंच भाषकांच्या कार्यक्रमात केलं. आपली भाषा न समजणाऱ्या माणसापर्यंत हे पोचतं का, हेच त्याला बघायचं होतं. पहिला भाग १ जानेवारी १९९० ला ब्रिटनमध्ये दाखवला गेला, त्याच वर्षी त्याला स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो टीव्ही महोत्सवाचं सुवर्ण गुलाब पारितोषिक मिळालं, आणि १९९५ पर्यंत जेमतेम चौदा-पंधरा भाग झाले. रिचर्ड कर्टिस आणि रॉबिन ड्रिस्कॉल हे त्याचे सहलेखक. एवढ्या थोड्या कामावर इतकी वर्षं जग हसतंय, कारण ते काम अगदी सावकाश आणि मन लावून केलेलं आहे.

आता त्या रात्रीबद्दल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमच्या बाजूला पाऊस तेवढा नव्हता, पण दुपारीच लोकल थांबल्या आणि आमची निम्मी मुलं तर कुर्ला, कळवा, कल्याण, विरार अशा लांबच्या ठिकाणांहून यायची. ऐकू येणाऱ्या मुलाला निदान कुणाच्या तरी घरी फोन लावून आईचा आवाज ऐकवता येतो. आमच्या मुलांना तेही नाही. संध्याकाळी सातला एकतीस मुलं, तीन बाई आणि शिपाई काका एवढे शाळेत उरलो. काकांनी कुठूनतरी पाव आणि केळी आणली. वीज होती, हे नशीब. वरच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, पॅसेजमध्ये ओल्या छत्र्या उघडून ठेवल्या, आणि रडायला लागलेल्या धाकट्यांसाठी मी कपाटातून व्हीसीडी काढल्या. ‘बेस्ट बिट्स’चं संकलन आणि पूर्ण भागांच्या तीन वेगळ्या तबकड्या.

सवयीनं मी हॉलचा दिवा मालवायला गेले. मुलांनी एकदम हात हलवून मला थांबवलं. अंधारात त्यांना एकमेकांचे हात दिसत नाहीत, म्हणजे अंधारात त्यांचं बोलणंच बंद पडतं. सिनेमागृहात ती गप्प असतात ती त्यामुळंच. दिवा लावूनच बसलो. आणि थोड्या वेळानं दुसरी गोष्ट कळली. बोलायचं तर पडद्यावरची नजर काढावी लागते, नजर काढली की पडद्यावरचं निसटतं. म्हणून त्यांना पॉझ हवा. प्रसंग संपला की रिमोटवाला मुलगा पॉझ दाबायचा, सगळे एकमेकांकडे वळायचे, हातांचा नुसता पाऊस पडायचा, आणि मग पुन्हा प्ले. टीव्हीवर लागलेला कार्यक्रम कुणासाठी थांबत नाही. तबकडी थांबते. घरी बसून पाहायच्या व्हिडिओचा आमच्या मुलांना जो उपयोग झाला तो हा, आणि तो मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हता.

वर्गात आमच्याकडे तेव्हा वाचेवर भर असे. ओठ बघायचे, आवाज काढायचा, हात शक्यतो खाली. त्या रात्री हात खाली ठेवा असं कुणीही म्हटलं नाही. मी तर नाहीच.

सुरुवात केली संकलनानं, कारण त्यावर ‘बेस्ट’ लिहिलेलं होतं. त्याची रचना अशी आहे: बाहेर पाऊस, मिस्टर बीन छत्री शोधायला माळ्यावर जातो, तिथं त्याच्या हाताला एकेक जुनी वस्तू लागते, आणि त्या वस्तूबरोबर एकेक जुना प्रसंग. पाऊस आणि छत्री बघून मुलं खूश झाली, पॅसेजमधल्या छत्र्यांकडे बोटं दाखवायला लागली. पण पंधरा-वीस मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. सातवीतली एक हुशार मुलगी, जिचं खुणेचं नाव हनुवटीवरच्या तिळाचं आहे, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारायला लागली. हा इथं का आलाय? आधी काय झालं? तो दुसरा माणूस त्याच्यावर का चिडलाय? माझ्याजवळ उत्तर होतं, कारण मी पूर्ण भाग पाहिलेले होते. तिच्याजवळ नव्हतं.

आम्हा ऐकू येणाऱ्यांना तुकडे चालतात, कारण प्रेक्षकांचं रेकॉर्ड केलेलं हसू आपल्याला सांगतं की आता गंमत झाली. आपण कारण न कळताही त्या हशात सामील होतो. तिला हसायला कारणच लागत होतं. आणि मिस्टर बीनमध्ये कारण हेच सगळं काही आहे. आधी अडचण येते, मग त्याच्या चेहऱ्यावर एक बेत उगवतो, तो बेत आपल्याला त्याच्याआधी कळतो, मग तो बेत पार पाडताना त्याची होणारी धडपड. यातला शेवटचा घास तेवढा कापून ताटात वाढला तर चव लागत नाही. आमच्या मुलांनी ते संकलन अर्ध्यावर थांबवायला लावलं आणि पूर्ण भागाची तबकडी घालायला सांगितली. संकलनाबद्दल एकतीस प्रेक्षकांचं मत तिथंच नोंदवलं गेलं.

पूर्ण भागांना मात्र पहाट झाली. बागेतल्या सँडविचचा प्रसंग ती चार वेळा बघत होती. बाकावर शेजारी एक सभ्य गृहस्थ आपलं घरून आणलेलं सँडविच खातोय. बीन कोटातून अख्खा पाव काढतो, कात्रीनं कापतो, क्रेडिट कार्डानं लोणी लावतो, सॅलडची पानं धुऊन मोज्यात घालून गरागरा फिरवून वाळवतो, मिरे रुमालात गुंडाळून बुटानं ठेचतो. प्रत्येक वस्तू बाहेर आली की मुलं ती आधीच खुणेनं ओळखायला बघायची. पैजा लागल्या. कोटात अजून काय आहे? आणि चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की मुलं आता बीनकडे बघतच नाहीत. ती शेजारच्या माणसाकडे बघतायत. अँगस डीटन या नटानं तो केलाय, आणि तो करतो काय? घास हातात धरून बघत राहतो, बस. आठवीच्या मुलांचं मत पडलं की या प्रसंगात सगळ्यात भारी काम त्याचं आहे.

मला हे तोवर कधीच दिसलं नव्हतं. नंतर मी आवाज बंद करून पाहिलं तेव्हा पटलं. हशा गेला की डोळा मोकळा होतो आणि शेजारच्या माणसावर जाऊन थांबतो. चर्चमध्ये रिचर्ड ब्रायर्स शेजारी बसलाय, परीक्षेत शेजारच्या बाकावर एक अभ्यासू परीक्षार्थी आहे. हा दुसरा माणूस म्हणजे आपण. त्याला बोलता येत असतं, पण सभ्यपणामुळं तो बोलत नाही. दोन्ही बाजूंची शांतता पाहायची असेल तर तुम्हीही एकदा आवाज बंद करून बघा, कान चांगले असले तरी.

चर्चच्याच प्रसंगात बीनला स्तोत्राचे शब्द येत नाहीत. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि ‘हालेलुया’ आलं की तोंड वासून सगळ्यांच्या वरताण गातो. हे आवाजाशिवाय मुलांना कसं कळणार म्हणून मी समजावायला उठले. लालबागच्या एका मुलानं मला हातानं बसवलं आणि स्वतः उभं राहून आरती करून दाखवली. टाळ्या वाजवत, कडव्याभर ओठ नुसते हलवत, आणि ‘जय देव जय देव’ आलं की मान मागे टाकून पूर्ण तोंड उघडत. म्हणाला, मंडळात सगळे हेच करतात, माझे काकासुद्धा, आणि त्यांना तर ऐकू येतं. सगळा हॉल पटलं पटलं करत होता.

दंतवैद्याकडे उशीर झाला म्हणून बीन मिनी गाडी चालवता चालवता कपडे बदलतो, दात घासतो आणि काच धुवायच्या पाण्यानं चूळ भरतो. त्यावर विरारच्या मुलीचं मत: यात काय विशेष, माझी आई लोकलमध्ये वेणी घालते, भाजी निवडते आणि उभ्यानं झोपते. सुटकेस भरायच्या प्रसंगाला मात्र सगळ्यांनीच जीव लावला. सामान मावत नाही म्हणून तो टूथब्रश तोडतो, पँटचे पाय कापतो, आणि शेवटी मोठी सुटकेस सापडते तर ती लहान भरलेली सुटकेस तशीच तिच्यात ठेवतो. यातली बरीच मुलं दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात जणांत राहणारी. काहीतरी कुठंतरी माववणं हा त्यांच्या घरचा रोजचा उद्योग. ती हसत होती ती ओळखीचं हसू.

आणि रंगाचा डबा. भिंत रंगवायचा कंटाळा येतो म्हणून बीन खोलीतली प्रत्येक वस्तू, अगदी फळंसुद्धा, वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि रंगाच्या डब्यात मोठा फटाका ठेवून बाहेर पळतो. टोपी विसरलेला एक माणूस नेमका त्याच वेळी आत येतो, आणि नंतर भिंतीवर त्याच्या आकाराची न रंगलेली जागा तेवढी उरते. आमची मुलं फटाके ऐकत नाहीत असं लोकांना वाटतं. सुतळी बॉम्ब त्यांना छातीत कळतो. त्या क्षणाला एकतीसच्या एकतीस मुलांनी आपापल्या छातीवर हात ठेवला, आणि शिपाई काकांनीही.

काही मतं माझ्या मनाविरुद्ध होती, तीही लिहायला हवीत. मुलींना नाताळचा भाग आवडला नाही. बीनची मैत्रीण दुकानाच्या काचेतली अंगठी दाखवते आणि तो तिला त्याच काचेत ठेवलेलं जोडप्याचं चित्र आणून देतो. मला हा प्रसंग फार नाजूक वाटत आला होता. दहावीच्या मुलींनी पॉझ दाबून स्पष्ट सांगितलं की ती बाई खुणेनं सांगत होती, बोटानं दाखवत होती, आणि त्यानं नीट पाहिलं नाही. आमची बोटंही कुणी नीट बघत नाही. यावर मी काही बोलले नाही.

समुद्रकिनाऱ्याच्या प्रसंगाची मला धास्ती होती. काळा चष्मा घातलेला एक माणूस जवळ बसलाय म्हणून बीन पँट न काढता आतून पोहायची चड्डी चढवायची कसरत करतो, आणि शेवटी तो माणूस पांढरी काठी घेऊन उठतो. आंधळा असतो. मुलं दुखावतील असं मला वाटलं होतं. ती लोळून हसली. काठीवाल्यावर हसलो नाही, एका मोठ्या मुलानं मला समजावलं, तो तर शांतपणे ऊन खात होता. लाजत कोण होता? हसायचं त्याच्यावर.

कुर्ल्याचा मुलगा मात्र एका गोष्टीवर शेवटपर्यंत हसला नाही. मिस्टर बीनची मिनी आणि ती निळी तीनचाकी गाडी यांचं वैर पहिल्या भागापासून चालतं. बीन तिला रस्त्याबाहेर घालवतो, उलथवतो, जागेवरून ढकलतो, आणि तिच्या चालकाचा चेहरासुद्धा आपल्याला कधी दाखवत नाहीत. बाकीची मुलं टाळ्या पिटत होती. याचे वडील रिक्षा चालवतात. त्या दिवशी ते कुठं अडकलेत हे त्याला माहीत नव्हतं, आणि कुर्ल्यात काय झालं होतं ते आम्हालाही दुसऱ्या दिवशी कळलं. तो रिमोटपाशी आला, पॉझ दाबला, आणि दोन हातांनी विचारलं: तीनचाकीवाल्याचं काय चुकलं? कुणालाच उत्तर देता आलं नाही. वडील तिसऱ्या दिवशी सुखरूप आले, गुडघ्यापर्यंत चिखलात. पण माझ्या मते या मालिकेवरची सगळ्यात खरी टीका तीच, आणि तिचं उत्तर मालिकेतही नाही.

आवाजाशिवाय अजिबात न पोचणारे प्रसंगही आहेत. आगगाडीच्या डब्यात बीन शांतपणे पुस्तक वाचायला बसतो आणि समोरचा माणूस आपल्या पुस्तकावर गदागदा हसत सुटतो. बीन वैतागतो, कान बंद करायला बघतो. मुलांना हसणारा माणूस दिसला आणि आवडला. पण समोरचा हसला तर याला त्रास कसला, हे कळेना. आवाज नको असलेल्या माणसाला कुठूनही घेरू शकतो ही कल्पनाच त्यांच्या जगात नव्हती. मी ती कशीबशी समजावली. धाकट्यांनी आपलं श्रवणयंत्र काढून दाखवलं: हे करावं की त्यानं.

परीक्षेचा प्रसंग अर्धा पोचला. चोरून बघणं, ढकलणं, रडकुंडीला येणं, ते सगळं लख्ख कळलं. पण शेवटचा टोला पर्यवेक्षकाच्या बोलण्यात आहे. लिफाफ्यात दुसरी प्रश्नपत्रिकाही होती, हे तो सांगतो तेव्हा बीनला कळतं की त्यानं अभ्यास केलेला पेपर लिफाफ्यातच राहिला. इथं पडद्यावर संवादांची अक्षरं हवीत. आमच्या व्हीसीडीवर चित्रासोबत अक्षरं नव्हती, चित्रही ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे मोठ्या पडद्यावर भुवईची हालचाल पुसट व्हायची. ज्या विनोदाचा सगळा भार भुवईवर, त्याला हे परवडत नाही. डीव्हीडीवर चेहरा स्वच्छ दिसतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी व्हीसीडी बाजूला ठेवायला सांगेन.

डीव्हीडीची एक अडचण आधीच सांगून ठेवते, कारण आम्हाला ती महागात पडली. तबकडी जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचा आकडा ठरलेला असतो, त्याला रीजन म्हणतात; ब्रिटनमधली तबकडी रीजन दोनची आणि भारत रीजन पाचमध्ये. भाच्यानं संच आणला, मुलं सतरंजीवर बसली, आणि शाळेच्या प्लेअरनं पडद्यावर फक्त एक इंग्रजी सूचना दाखवली. ज्या दुकानातून प्लेअर घेतला तिथला माणूस तबकडीच नकली आहे म्हणाला, ते चूक होतं. लॅमिंग्टन रोडच्या एका दुरुस्तीवाल्यानं सगळे रीजन चालतील असा प्लेअर करून दिला आणि मग काम झालं. रंगाचा घोळ होत नाही, टीव्हीची रंगपद्धत तिकडेही पॅल आणि इकडेही पॅल. बाहेरून कुणी संच आणणार असेल तर आधी पाठीवरचा पृथ्वीच्या चित्रातला आकडा बघायला सांगा. आणि खोक्यावर कर्णबधिरांसाठी अक्षरं आहेत का तेही बघा. मराठीत अक्षरं असलेली तबकडी मला मिळालेली नाही. एखाद्या प्रकाशकानं ती काढावी असं मला मनापासून वाटतं. सगळ्या भागांत मिळून बोलणं इतकं थोडं आहे की एका मेहनती माणसाचं ते आठवड्याचं काम आहे.

संगीताबद्दलही, कारण आवाज लावून पाहणाऱ्यांना ते मिळायला हवं. आकाशातून झोत पडतो, त्यात बीन धपकन खाली येतो आणि चर्चमधल्यासारखा मुलांचा गायनवृंद लॅटिनमध्ये गातो. हॉवर्ड गुडॉलची रचना. शब्दांचा अर्थ साधारण असा: पाहा, हा माणूस, जो घेवडा आहे. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा पहिलीचा एक मुलगा बराच वेळ विचारात पडला आणि मग त्यानं डब्यातली घेवड्याची भाजी आणि भुवयांवरची दोन बोटं अशी जोडून दाखवली. तेव्हापासून घेवड्याच्या भाजीलाही आमच्याकडे तीच खूण आहे.

संचात सगळं सारखं चांगलं नाही. शेवटी शेवटी केलेले भाग लांबतात, बाळ सांभाळण्याच्या भागात नुसती पळापळ होते, गोल्फचा चेंडू जमिनीवरून न उचलता शहरभर टोलवत नेण्याची कल्पना एका मर्यादेनंतर थकवते. मुलांनीही तिथं पॉझ दाबला नाही, सरळ पुढं ढकललं. पहिल्या पाच-सहा भागांत प्रसंग कमी आणि प्रत्येकाला पुरेसा वेळ आहे. सुरुवात तिथूनच करा. माळ्यावरच्या छत्रीचं संकलन सगळे भाग पाहून झाल्यावर बघायला हरकत नाही. तेव्हा त्यातली एकेक वस्तू ओळखीची झालेली असते आणि ते वेगळंच गोड वाटतं.

गेल्या पावसाळ्यात मी हे सगळं पुन्हा पाहत होते तेव्हा कुर्ल्याचा तो मुलगा घरी आला होता. आता पस्तिशीला टेकलाय, छापखान्यात काम करतो. सोबत सहा वर्षांची मुलगी, तिला व्यवस्थित ऐकू येतं, वडिलांशी हातानं आणि माझ्याशी तोंडानं एकाच वेळी बोलते. मी दिवा लावूनच पहिला भाग लावला. मुलगी परीक्षेला हसली, किनाऱ्याला हसली, चर्चला तर हालेलुया करत उभीच राहिली, आणि तो पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता. मग मी दुसरी तबकडी घातली. रस्ता दिसला, हिरवी मिनी आली, मागून निळी तीनचाकी येताना दिसली. त्यानं माझ्या हातातून रिमोट घेतला आणि तेवढा भाग पुढं ढकलला.